हीटर कोर (जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी)

हीटर कोर हा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या मोटारीतील एक छोटा उष्णता-विनिमयक आहे. इंजिनातून तापून आलेले कूलंट त्याच्या नळ्यांमधून फिरते, पंख्याने ढकललेली हवा त्या नळ्यांवरील पातळ पत्र्यांमधून जाताना तापते आणि ही उबदार हवा प्रवाशांच्या पायांकडे किंवा पुढील काचेवर सोडली जाते. रचनेच्या दृष्टीने तो मुख्य रेडिएटरचाच धाकटा भाऊ होय. फरक इतकाच की रेडिएटर आपली उष्णता बाहेर टाकून देतो, तर हीटर कोर ती गाडीच्या आत आणतो. साधारणपणे १९५० ते १९८० या काळातील दोन आसनी, कापडी छताच्या स्पोर्ट्‌स मोटारींत हा भाग तांबे व पितळ यांचा असे आणि त्याचे सांधे झाळलेले असत. त्यामुळे तो दुरुस्त करता येतो. नंतरच्या ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकच्या कोरबाबत असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हीटर हा बिनकामाचा भाग समजण्याची प्रथा आहे. त्यामुळे जुनी मोटार विकत घेणाऱ्यास बहुधा हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकलेल्या आढळतात आणि कोर गळत होता की तुंबलेला होता, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. पावसाळ्यात घाटरस्त्यावर गाडी चालवणाऱ्यास मात्र या भागाची उणीव पहिल्याच चढावर कळते.

संज्ञा

इंग्लंडमध्ये बनलेल्या मोटारींच्या पुस्तिकांत या भागाला ‘मॅट्रिक्स’ म्हटले जाते, अमेरिकी पुस्तिकांत ‘कोर’. सुटे भाग मागवताना दोन्ही नावे ठाऊक असणे सोयीचे, कारण एकाच वस्तूची किंमत दोन नावांखाली वेगवेगळी दिसू शकते. मराठीत ‘तापक गाभा’ असा प्रतिशब्द घडवता येईल, पण तो दुकानात नेल्यास गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत येईल. कामगारांच्या बोलण्यात रेडिएटरप्रमाणे यालाही ‘जाळी’ म्हणतात आणि तो शब्द वर्णन म्हणून चपखल आहे. या लेखात ‘कोर’ हाच शब्द ठेवला आहे. धातूंच्या सांध्यासाठी मात्र ‘झाळकाम’ हा मराठीतील रुळलेला शब्द वापरला आहे. कारखान्यात यालाच ‘डाख देणे’ किंवा ‘सोल्डरिंग’ म्हणतात.

रचना व कार्य

कोरचे तीन भाग असतात. दोन्ही टोकांना पितळी पत्र्याच्या लहान टाक्या, त्यांना जोडणाऱ्या चपट्या नळ्या आणि नळ्यांच्या मधोमध नागमोडी दुमडलेले तांब्याचे पातळ पत्रे. एका टाकीला किंवा दोन्ही टाक्यांना मिळून दोन तोंडे असतात. एकातून गरम कूलंट येते, दुसऱ्यातून ते पाण्याच्या पंपाकडे परत जाते. या तोंडांना रबरी होजपाइप क्लिपांनी आवळलेले असतात. होजपाइप इंजिन आणि बसण्याची जागा यांमधील पत्र्याच्या आडभिंतीतून पार होतात.

वाटेत कुठेतरी एक झडप, म्हणजे हीटर वॉल्व्ह असतो. डॅशबोर्डवरील कळ एका तारेने त्या झडपेला जोडलेली असते. कळ ‘थंड’कडे असेल तर झडप बंद राहते आणि कोरमधून प्रवाह जात नाही. अनेक वर्षे कळ न हलवल्यास झडप गंजून अडकते. कोर खराब म्हणून बदलून टाकण्याच्या प्रकरणांत दोष प्रत्यक्षात या स्वस्त झडपेचा असल्याचे वारंवार निघते, म्हणून तपासणी तिच्यापासूनच सुरू करावी.

हीटरचे खोके कोठे असते, हे गाडीगणिक बदलते. एमजीबी या १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या ब्रिटिश मोटारीत ते बोनेटखाली, आडभिंतीला टेकून बसवलेले असते. झडप इंजिनाच्या डोक्याच्या मागील टोकाला असते. पहिल्या काही वर्षांत एमजीबीत हीटर हा वेगळे पैसे देऊन घ्यायचा भाग होता, त्यामुळे काही गाड्यांत तो मुळातच नसतो. जग्वार ई-टाइपचे खोकेही बोनेटखालीच असते. ट्रायम्फ स्पिटफायर व टीआर मालिकेत ते डॅशबोर्डच्या पोटात असते. ब्रिटिश गाड्यांतील बरेच हीटर स्मिथ्स या कंपनीचे असत. वेगमापक व तापमापक बनवणारी कंपनी तीच.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या मोटारींत हीटर कोर नसतोच. १९९८पर्यंतची पोर्शे ९११ आणि जुनी फोक्सवॅगन बीटल यांत धुराड्याच्या नळीभोवतीच्या वेष्टणातून उबदार हवा आत आणली जाते. अशा गाडीत कोर शोधत बसू नये. तेथे दोष असेल तर त्या वेष्टणात असतो आणि ते फुटले असेल तर विषारी धूर आत येण्याचा धोका असतो.

जव्हार–मोखाडा भागातील उपयोग

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या उत्तरेकडील डोंगररांगांत वसले आहेत. जव्हार हे पूर्वीच्या मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असून समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा होईपर्यंत त्याला ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ असे संबोधले जाई. जव्हारला रेल्वे नाही. मुंबईकडून मनोर व विक्रमगडमार्गे येणारा रस्ता जव्हारला चढतो, तेथून मोखाडा आणि पुढे त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जातो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत या सर्व पट्ट्यात मुसळधार पाऊस व दाट धुके असते.

या हवेत हीटरचे काम ऊब देणे हे नसून काच स्वच्छ ठेवणे हे आहे. पावसाळ्यात बाहेरील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. गाडीतील माणसांचा श्वास, ओले कपडे आणि भिजलेला गालिचा यांमुळे आतील बाष्प आणखी वाढते. पावसाच्या माऱ्याने थंड झालेल्या काचेला ते लागले की आतून दव धरते. आधुनिक गाडीत वातानुकूलन यंत्र हवेतील पाणी काढून घेते. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीत ते नसते. छत कापडी, खिडक्यांच्या फटी मोठ्या आणि काच लहान व उभी, अशी तिची रचना असते. अशा वेळी हवा तापवणे हाच उपाय उरतो. २४ अंश सेल्सिअसची संपृक्त हवा कोरमधून जाऊन ३४ अंशांची झाली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहते; पण तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढल्याने सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते. ही तहानलेली हवा काचेवरील दव शोषून घेते आणि काचही थोडी तापवते. अंगाला घाम फुटत असताना हीटर लावणे विचित्र वाटते खरे, पण फडक्याने काच पुसत वळणे घेण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

दुसरा उपयोग चढावर होतो. लांब चढावर कमी वेगात इंजिन तापू लागले असता हीटर पूर्ण उघडून पंखा चालू केल्यास कोर हा अतिरिक्त रेडिएटर म्हणून काम करतो आणि तापमापकाचा काटा काहीसा खाली येतो. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे पाणी जव्हारच्या उंचीवर सुमारे ९८.५ अंशांवर उकळते. हा फरक लहान आहे, पण रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तर जुन्या इंजिनाला तो पुरतो. काटा लाल भागात गेल्यावर मात्र हीटरवर विसंबून राहू नये. गाडी बाजूला घेऊन थांबावे आणि इंजिन निवल्याखेरीज झाकण उघडू नये. दाबाखालील कूलंट झाकण सैल होताच उसळते आणि चेहरा व हात भाजतो.

बिघाडाची ओळख

हीटर कोरचे दुखणे दोन प्रकारचे असते: तो गळतो किंवा तुंबतो. क्वचित दोन्ही.

गळतीची सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे काचेच्या आतील बाजूस बसणारा चिकट थर. साधे दव फडक्याने पुसले की जाते. कूलंटच्या वाफेचा थर पुसल्यावर पसरतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात काच दुधाळ दिसते. त्याबरोबर गाडीत गोडसर वास येतो. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल या द्रव्याची चवही गोड असते आणि ते विषारी आहे, म्हणून बोटाला लागलेला थेंब चाखून पाहण्याची जुनी सवय कटाक्षाने सोडावी. डावीकडील आसनापुढचा गालिचा ओला होणे, टाकीतील पातळी वरचेवर खाली जाणे पण जमिनीवर थेंब न दिसणे, हीटर लावताच झरोक्यातून वाफ येणे, याही गळतीच्याच खुणा होत.

परंतु ओला गालिचा म्हणजे गळका कोर, हे समीकरण पावसाळ्यात फार वेळा चुकते. जुन्या मोटारींत पाणी आत येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. काचेच्या खालील जाळीतून हवा घेणाऱ्या गाड्यांत त्या पोकळीत शिरलेले पावसाचे पाणी एका रबरी नळीवाटे खाली सोडलेले असते. एमजीबीची ही नळी पाने व मातीने तुंबते आणि साठलेले पाणी हीटरच्या खोक्यातून थेट पायांवर पडते. काचेभोवतीचे रबर तडकले असल्यास डॅशबोर्डमागून ओघळ येतो. चालकाच्या पायाशी ओल असेल तर ब्रेक किंवा क्लच यांच्या मुख्य सिलिंडरमधून तेल झिरपत असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी, कारण तो दोष कोरच्या गळतीपेक्षा कितीतरी घातक आहे. ब्रेकचे हे तेल रंग फुगवते व उडवते, हीही एक ओळख.

पाणी की कूलंट, हे ठरवण्यास पांढरा कागदी रुमाल पुरतो. गालिच्याखालच्या फेल्टवर तो दाबून धरावा आणि उन्हात किंवा दिव्याखाली ठेवावा. पाण्याचा डाग वाळून नाहीसा होतो. कूलंटचा डाग दुसऱ्या दिवशीही तेलकट राहतो आणि बहुधा त्याला हिरवा, निळा किंवा तांबडा रंग असतो. गाडीत नुसते पाणीच भरलेले असेल तर हा उपाय चालत नाही. तेव्हा गाडी चार दिवस कोरडी ठेवून, पावसात न नेता, इंजिन तापेपर्यंत चालवावी आणि मग पाहावे. कार्यशाळेत रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देतात. जुन्या मोटारींत तो साधारणपणे ७ ते १५ पौंड असतो. दाब देऊन दहा मिनिटांत काटा उतरला आणि बोनेटखाली कोठेही थेंब नसला, तर दोन ठिकाणे संशयास्पद उरतात: हीटर कोर आणि इंजिनाच्या डोक्याखालचे गॅस्केट. हीटरच्या दोन्ही नळ्या चिमट्याने दाबून पुन्हा दाब दिल्यास उत्तर मिळते. काटा स्थिर राहिला तर दोषी कोर. जुनी रबरी नळी चिमट्यात फुटू शकते, म्हणून ती कडक झाली असल्यास आधी नवी बसवावी.

तुंबलेला कोर वेगळ्या रीतीने ओळखतात. इंजिन पुरते तापल्यावर, झडप उघडी ठेवून, आडभिंतीजवळच्या दोन्ही होजपाइपांना हाताची पाठ लावून पाहावी. पंख्याच्या पात्यांपासून हात व कपडे दूर ठेवावेत. दोन्ही नळ्या गरम असतील तर कोरमधून प्रवाह आहे. हवा थंड येत असल्यास दोष पंख्याचा, खोक्यातील झापेचा किंवा कुजलेल्या स्पंजपट्टीचा, ज्यामुळे हवा कोर टाळून बाजूने निसटते. एक नळी गरम व दुसरी थंड असेल तर कोर तुंबला आहे किंवा झडप उघडलेली नाही. दोन्ही थंड असतील तर कूलंट कमी आहे, वरच्या भागात हवा अडकली आहे किंवा झडप बंद आहे. इंजिनच पुरेसे तापत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. असे इंजिन कोमट हवा देते आणि पेट्रोल अधिक पिते.

कोर तुंबण्याचे सर्वांत मोठे कारण पाणी हेच आहे. सह्याद्रीतील काळ्या खडकातून येणाऱ्या विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यात बसणारा पांढरा थर तोच, आणि कोरच्या अरुंद नळ्यांत तो रेडिएटरच्या आधी अडथळा करतो. मोखाडा तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते. वाटेत जे पाणी मिळेल ते रेडिएटरमध्ये ओतले जाते. अशा गाडीचे कूलंट घरी पोहोचल्यावर बदलून घ्यावे.

दुसरे कारण म्हणजे गळती थांबवणारी भुकटी. भारतीय ट्रकचालकांत रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय जुना आहे. हळदीचे कण गळतीच्या छिद्रात अडकून फुगतात आणि गाडी मुक्कामाला पोहोचते. आडवाटेवर तेवढ्यापुरता हा उपाय निंद्य नाही. पण हळद असो की बाजारातील डबाबंद द्रव्य, ते छिद्र आणि अरुंद नळी यांत भेद करत नाही. सर्वांत बारीक नळ्या हीटर कोरच्या असतात, म्हणून गाळ प्रथम तेथेच साचतो.

योग्य कोर ओळखणे

एकाच नावाच्या मोटारीत वर्षागणिक दोन-तीन प्रकारचे कोर आढळतात. उजव्या व डाव्या बाजूच्या सुकाणूच्या गाड्यांत तोंडांची दिशा उलट असू शकते. कॉर्व्हेटसारख्या अमेरिकी मोटारींत वातानुकूलन असलेल्या व नसलेल्या गाड्यांचे कोर भिन्न असतात. म्हणून केवळ मोटारीचे नाव व वर्ष सांगून भाग मागवणे जोखमीचे आहे. भारतातल्या गाड्यांबाबत ही जोखीम अधिक, कारण आयातीवरील दीर्घकाळच्या निर्बंधांमुळे जो भाग मिळेल तो बसवून गाडी चालू ठेवण्याची येथे रीतच पडली. ब्रिटिश गाडीत दुसऱ्याच मोटारीचा हीटर निघाल्यास आश्चर्य मानू नये.

कोर बाहेर काढल्यावर जाळीची लांबी, रुंदी व जाडी मोजावी. टाक्या धरून आणि टाक्यांवाचून अशी दोन्ही मापे लिहावीत. तोंडांचा बाहेरील व्यास बहुधा अर्धा, पाच अष्टमांश किंवा पाऊण इंच, म्हणजे १२.७, १५.९ किंवा १९ मिलिमीटर असतो. दोन तोंडांमधील अंतर, त्यांचा बाक आणि ती टाकीच्या कोणत्या कडेला आहेत, हे पुठ्ठ्यावर कोर ठेवून पेन्सिलने रेखून घेणे उत्तम. छायाचित्रात माप कळत नाही. पुठ्ठा मात्र दुकानदाराच्या हातात देता येतो. नळ्यांच्या ओळी किती, हेही मोजावे, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन कोर एका ओळीच्या फरकाने कमी-अधिक उष्णता देतात.

धातू ओळखण्यासाठी टाकीच्या कडेला काळा रंग किंचित खरवडावा. पिवळा किंवा तांबूस धातू निघाला तर कोर तांबे-पितळेचा आहे आणि झाळता येईल. पांढरा, हलका धातू व चिमटे मारून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी असेल तर तो ॲल्युमिनियमचा, बहुधा नंतर बदललेला. चुंबकाचा येथे उपयोग नाही; यांपैकी कोणताच धातू त्याला चिकटत नाही.

कोर काढणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची भूतार सोडावी आणि कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. बोनेटखाली खोके असलेल्या गाड्यांत काम तुलनेने उजेडात होते, तरी एमजीबीचे खोके गंज व जुन्या स्पंजामुळे जागेवरून हलत नाही असा सार्वत्रिक अनुभव आहे. डॅशबोर्डमागे खोके असेल तर काम दिवसभराचे धरावे. प्रत्येक तार सोडण्यापूर्वी तिला चिकटपट्टी लावून क्रमांक घालावा.

या कामातील सर्वांत मोठे नुकसान एका क्षणात होते. वर्षानुवर्षे तोंडाला चिकटलेला होजपाइप पकडीने धरून पिळला की पितळी तोंड टाकीपासून सुटते आणि साधा तुंबलेला कोर फुटका होतो. होजपाइप नेहमी लांबीच्या दिशेने धारदार सुरीने चिरून सोलून काढावा. नवी नळी थोड्या पैशांत मिळते. काढताना कोरमध्ये उरलेले अर्धा-एक पेला कूलंट सांडतेच, म्हणून गालिचा आधी उचलावा आणि खाली प्लॅस्टिक व जुनी वर्तमानपत्रे पसरावीत.

दुरुस्ती

बाहेर काढलेला कोर प्रथम नळाच्या मंद धारेने उलट दिशेने, म्हणजे परतीच्या तोंडातून धुवावा. नंतर दोन्ही दिशांनी आळीपाळीने. पाणी स्वच्छ आले तरी काम झाले असे नव्हे. दोन्ही तोंडांतून येणारी धार जवळपास सारखी असली पाहिजे. क्षारांचा थर असल्यास कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, विरघळवून कोर भरून ठेवावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने धुऊन टाकावा. तीव्र आम्ल वापरू नये व रात्रभर ठेवू नये, कारण झाळ व पातळ पितळ दोन्ही झिजतात. ॲल्युमिनियमच्या कोरला कॉस्टिक सोडा कधीही लावू नये. तो धातूच खातो.

गळतीचे ठिकाण शोधण्यास एक तोंड रबरी बुचाने बंद करावे, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडावा आणि कोर पाण्याच्या बादलीत बुडवून हळूहळू हवा भरावी. १५ पौंडांच्या वर जाऊ नये. टायरच्या दुकानातील दाबयंत्राने हवा भरल्यास चांगला कोरही फुगून फुटतो. बुडबुडे जेथून येतात ती जागा पुसून खडूने खूण करावी आणि कोर फिरवून पुन्हा पाहावे, कारण एका छिद्रामागे दुसरे असतेच असे नाही, पण नसते असेही नाही.

गळती तोंडाच्या किंवा टाकीच्या सांध्याला असेल तर ती सुदैवाची समजावी. जुना रंग व झाळ घासून धातू उजळ करतात, त्यावर नवसागर किंवा झाळकामाचा द्राव लावतात आणि कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची झाळ वितळवून सांधा भरतात. हे मिश्रण घटकांच्या प्रमाणानुसार १८३ अंश व त्यापुढील तापमानाला वितळते. पितळ त्याहून कितीतरी वर. तरीही ज्योत एका जागी धरली तर शेजारचा सांधा सुटतो. जाणकार कारागीर म्हणून आजूबाजूच्या सांध्यांवर ओले फडके ठेवतो. शिशाशी काम असल्याने खेळती हवा हवी, कामानंतर हात धुवावेत आणि त्या जागी मुलांना खेळू देऊ नये. काम संपल्यावर द्राव गरम पाण्याने धुऊन टाकणे आवश्यक आहे. तो राहिला तर वर्षभरात तेथेच हिरवा गंज धरतो.

जाळीच्या मध्यभागी, एखाद्या नळीतच छिद्र असेल तर तेथपर्यंत ज्योत पोहोचत नाही. तेव्हा टाकी उघडून ती नळी दोन्ही टोकांना झाळून बंद करतात. वीस नळ्यांपैकी एक बंद झाली तर विसाव्या हिश्शाची उष्णता जाते, आणि तेवढी कोणाला जाणवत नाही. तीन-चार नळ्या कुजल्या असतील तर नवी जाळी घालणे बरे. रेडिएटरचे काम करणारे कारागीर मूळ टाक्या व तोंडे राखून मधला भाग नवा बसवतात. बाहेरून आयात केलेल्या नव्या भागापेक्षा ही रीत पुष्कळदा श्रेयस्कर, कारण तोंडांची जागा व बाक मूळचाच राहतो आणि खोक्यात कोर अचूक बसतो. ॲल्युमिनियमचा कोर मात्र बदलावाच. त्याच्यावर इपॉक्सीचे लेप हे परतीच्या प्रवासापुरते असतात.

हे झाळकाम करणारे हात कमी होत आहेत. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर बदलले जातात, दुरुस्त होत नाहीत. जुने ट्रॅक्टर, जीप व मालमोटारी यांची कामे जेथे अद्याप होतात अशा तालुक्याच्या गावी किंवा महामार्गालगत, भट्टी व पाण्याचा हौद असलेले रेडिएटरचे दुकान शोधावे. तेथील कारागिराने हीटर कोर पाहिलेला नसला तरी चिंता नसावी. लहान रेडिएटर म्हणून तो त्याच्या हाती द्यावा आणि एवढेच सांगावे की दाब १५ पौंडांच्या आत ठेवा.

तात्पुरता वळसा

कोर दुरुस्तीस दिला असता गाडी चालवायची झाल्यास दोन्ही होजपाइप एका इंग्रजी यू आकाराच्या नळीने एकमेकांस जोडतात. नळ्यांना बुचे मारण्यापेक्षा हे बरे, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरते ठेवण्याची वाट हीटरमधूनच जाते. ती बंद केल्यास इंजिनाच्या डोक्यात ठिकठिकाणी वाफ धरते. जोडलेली नळी धुराड्याला किंवा पंख्याच्या पट्ट्याला टेकत नाही, हे पाहावे. हा वळसा पावसाळ्यात कायम ठेवू नये.

पुन्हा बसवणे

खोके उघडे आहे तोवर त्यातील गंज खरवडून रंग द्यावा, झापेच्या बिजागऱ्यांना तेल द्यावे आणि कोरच्या चारही कडांना नवी स्पंजपट्टी लावावी. ही पट्टी हलक्या मोलाची असली तरी तिच्यावाचून नवा कोरही निष्प्रभ ठरतो. पंख्याची मोटर बॅटरीवर स्वतंत्र चालवून पाहावी. होजपाइप, क्लिपा व शंका असल्यास झडप नवीच घालावी. नाहीतर पुढील गळतीसाठी तेच खोके पुन्हा काढावे लागते.

कूलंट भरताना हीटरची झडप पूर्ण उघडी हवी. गाडीचे तोंड चढाकडे करून उभी केल्यास अडकलेली हवा रेडिएटरच्या तोंडातून निघण्यास मदत होते. इंजिन झाकणाविना मंद चालवून, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी. हीटरची परतीची नळी गरम झाली म्हणजे हवा निघाली. नंतर झाकण लावून थोडे अंतर चालवावे, इंजिन निवू द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी.

कूलंट म्हणून ग्लायकॉलयुक्त द्रव्य व ऊर्ध्वपातित पाणी सम प्रमाणात घेतात. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली द्रवरूप राहते, ज्याचा जव्हारला काही उपयोग नाही. त्यातील गंजरोधक द्रव्ये मात्र येथेही तेवढीच आवश्यक आहेत, आणि उत्कलनबिंदूही काही अंशांनी वाढतो. गंजरोधक द्रव्यांची शक्ती दोन-तीन वर्षांत ओसरते; नंतर कूलंट दिसायला स्वच्छ असले तरी बदलावे. इंजिनाची भूतार सैल असल्यास वीज कूलंटमधून वाट काढते आणि वर्ष-दोन वर्षांत नव्या कोरला छिद्रे पाडते. म्हणून कोर पुन्हापुन्हा गळत असेल तर झाळ देणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी ती तार घासून आवळावी.

जुन्या कूलंटची विल्हेवाट

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. गोड चवीमुळे कुत्री, मांजरे व गुरे ते पितात आणि अल्प मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावतात. लहान मुलांनाही हाच धोका आहे. मुलाच्या पोटात ते गेल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवणे विशेष घातक.

ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चरीत ते ओतण्याची सवय सर्वत्र आहे. मोखाडा तालुक्यातील बरेचसे पाणी वैतरणेच्या खोऱ्यात उतरते. याच नदीवरील ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा व मोडकसागर या धरणांतून मुंबईला पिण्याचे पाणी जाते आणि वाटेतील पाडे याच ओढ्यांवर अवलंबून असतात. जुने कूलंट झाकणबंद डब्यात, वर नाव लिहून साठवावे आणि वापरलेले तेल व कूलंट गोळा करणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावे.